मच्छरदाणी : वसतिगृहाच्या दिनचर्येचा एक संस्कार

(वसतिगृह-प्रमुखांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वनवासी क्षेत्रातील माता-पिता आपले मूल वसतिगृहात सोपवतात, तेव्हा त्याच्या शिक्षणाबरोबरच त्याच्या प्राणांचेही दायित्व गृहप्रमुखाकडे येते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्लीच्या अरण्यप्रदेशात या दायित्वाची कसोटी पावसाळ्यात लागते. हिवतापाच्या जंतूंपैकी फाल्सिपेरम हा सर्वाधिक घातक. उपचारास विलंब झाल्यास मेंदू बाधित होतो आणि काल अंगणात खेळणारे मूल थोड्याच दिवसांत दगावू शकते.

डासांविषयीची सावधता भारतीय परंपरेस नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले असून पर्वतीय मशकाचा दंश प्राणहारक कीटकांच्या दंशासमान मानला आहे. पुढे अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला. त्या शोधाचा व्यवहारातील अर्थ इतकाच की, डास आणि मनुष्य यांची रात्रीची गाठ टळली, तर रोगाची साखळी तुटते.

वसतिगृहात ही साखळी फार लवकर जुळते. सुट्टीहून परतलेल्या एखाद्या मुलाच्या रक्तातील जंतू अ‍ॅनोफिलिस डासाची मादी शोषून घेते. साधारण दहा ते चौदा दिवसांत ती इतरांना बाधा देऊ लागते. एकाच दालनात ओळीने झोपलेल्या मुलांपैकी निम्म्यांनीच मच्छरदाणी लावली, तर उरलेली निम्मी उघड्यावर राहतात.

औषधभारित मच्छरदाण्या अनेक ठिकाणी पोहोचतात. पण मुलांच्या पेटीत घडी घालून ठेवलेली मच्छरदाणी कोणाचेही रक्षण करीत नाही. मुले ती का लावत नाहीत, हे पाहिले पाहिजे. भिंतीला खिळे नसतात, दोरी अपुरी पडते, उकाड्याने जीव गुदमरतो. दालनाच्या दोन्ही बाजूंना पक्की तार ओढून दिली, तर निम्मी अडचण दूर होते. जमिनीवर झोपणाऱ्या मुलांनी मच्छरदाणीची कड सतरंजीखाली खोचावी. भोक पडल्यास मुलांनीच शिवावे. धुतल्यावर ती सावलीत वाळवावी. कडक उन्हाने औषधाचा प्रभाव घटतो. सुमारे वीस धुण्यांनंतर किंवा तीन वर्षांनी नवी मागवावी. सायंप्रार्थनेनंतर मोठ्या मुलांनी लहानांच्या मच्छरदाण्या बांधून द्याव्यात आणि दिवे मालवण्यापूर्वी गृहप्रमुखाने मुलांसह मच्छरदाण्याही मोजाव्यात.

ताप आलेल्या मुलाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. केवळ तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. व्हायवॅक्स प्रकारात जंतू यकृतात दडून राहतात. त्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने दिली जाणारी प्रायमाक्विनची मात्रा बहुधा चौदा दिवसांची असते. ताप उतरला किंवा सण आला म्हणून मूल मध्येच गावी गेले, तर उरलेल्या गोळ्या आणि सूचना पालकांच्या हाती देणे हे गृहप्रमुखाचे कर्तव्य आहे.

श्रीलंकेस २०१६ मध्ये हिवतापमुक्त राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली. भारताने त्यासाठी २०३० हे लक्ष्य ठेवले आहे. त्या राष्ट्रीय संकल्पातील वसतिगृहाचा वाटा प्रत्येक रात्री उचलावा लागतो. येथे लागलेली सवय मुले सुट्टीत पाड्यावर नेतील आणि धाकट्या भावंडांनाही मच्छरदाणीत झोपवतील. गृहप्रमुखाच्या परिश्रमाचे फळ अशा रीतीने वसतिगृहाच्या भिंतींपलीकडे पोहोचेल.