रेकग्निशन म्हणजे काय?
(वनहक्क शिबिरातलं बोलणं, लिहून घेतलेलं)



काल दावे भरताना एका पोरानं कायद्याचं इंग्रजी पुस्तक दाखवून विचारलं, नावातच ‘रेकग्निशन’ आहे, त्याचा अर्थ काय? मराठीत ‘मान्यता’ छापलंय. बरोबर आहे, पण अर्धंच.

बाजारात वीस वर्षांनी माहेरची बाई भेटली, तुम्ही तिला चेहऱ्यावरनं ओळखलं. इंग्रजीत हेही रेकग्निशनच. आता, तुम्ही ओळखलं म्हणून ती बाई जन्माला आली का? ती होतीच.

दुसरा वापर हापिसातला. शाळेला मान्यता, युनियनला मान्यता. तिथं साहेबाची सही झाली तर मिळते, नाहीतर नाही. आपल्याकडं साहेब लोक हाच अर्थ धरून बोलतात, ‘सरकार जमीन वाटतंय, उपकार माना.’

कायदा तसं म्हणत नाही. 2006 च्या कायद्यानं सुरुवातीलाच कबूल केलंय की इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही जंगलं सरकारजमा करताना आपले हक्क नीट ओळखले गेले नाहीत, हा ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे हक्क होते, ओळखायचं राहिलं. त्याआधी 1978 च्या शासन निर्णयात शब्द होता ‘अतिक्रमण नियमानुकूल करणे’. त्यात आपण चोरच, फक्त माफ केलेले. म्हणून कुणी ‘अतिक्रमणदार’ म्हटलं तर तिथंच अडवा. दावेदार म्हणा म्हणावं.

पण ओळख पटवायला खूण लागते. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा, किमान दोन पुरावे. घर, बांध, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, हे सगळं चालतं. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, मात्र तो स्वतः त्या दाव्यातला नसावा. आणि गार्डानं फाडलेली दंडाची पावती! रागानं चुलीत घालू नका. त्या वर्षी तुम्ही तिथं कसत होता हे त्यांनीच लिहून दिलंय.

हे फक्त प्लॉटाचं नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मान्य झाला. पण आपला बांबू आपण विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला 2011 उजाडलं. कागदावर ओळखलं तरी नाक्यावर ओळखतीलच असं नाही.

दावा दिला की वनहक्क समितीकडून पोच घ्या. ती नसेल तर उद्या ‘तुमचा दावा आलाच नाही’ म्हणतील. फेटाळला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेनं फेटाळला तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडं, तिथंही नाही झालं तर तेवढ्याच मुदतीत जिल्हा समितीकडं जाता येतं. छाननी पुरी होईपर्यंत जमिनीवरून उठवता येत नाही.

शेवटचं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावानं. कालच्या फॉर्मांत सात ठिकाणी बायकोच्या नावाची ओळ कोरी आहे. सरकारनं आपल्याला ओळखायचं, आणि आपण घरातल्या बाईला नाही? ते सातही फॉर्म इथं ठेवलेत. जेवणाआधी भरून घेऊ.