बाराव्या क्रमांकाचा उरलेला हिशोब

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात आम्ही तिघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)

आम्हाला ‘सायकल शर्यतीचे अनुभव’ सांगायला बोलावलं आहे. ते सांगतोच, पण आधी एक चूक दुरुस्त करायची आहे. आम्ही शर्यतीहून बेळगावला परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आमच्या अभिनंदनाचा फलक लागला होता : ‘माउंटन बाइक शर्यतीत बारावा क्रमांक’. घरोघरी पेढेही वाटून झाले होते. ही बातमी आम्हीच फोनवरून कळवली होती आणि ती खोटी नव्हती. फक्त सोळा वर्षांखालील मुलांच्या त्या शर्यतीत एकूण तेराच स्पर्धक होते, एवढं सांगायचं आम्ही टाळलं. आणि तो तेरावाही आमच्यातलाच होता!

मंडळाने वर्गणीतून आम्हाला तीन हेल्मेटं, हातमोजे आणि जाड खाचांचे टायर घेऊन दिले. त्या पैशांचा हिशोब खजिनदार काकांनी अहवालात मांडला आहे. उरलेला हिशोब आम्ही द्यायचा आहे.

सराव आम्ही राजहंसगडाच्या चढावर केला. तो चढ भलताच दमवतो, त्यामुळे छाती तयार झाली असं आम्हाला वाटलं. पण तो रस्ता डांबरी. शर्यत होती ती रानातल्या पायवाटेवर. साधारण चार किलोमीटरची एक फेरी, मुलांना अशा चार आणि मुलींना तीन. लाल माती, वर सुटा मुरूम, मध्येच झाडांची मुळं आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्या. सुट्या मुरमावरून उतरणं म्हणजे गोट्यांवरून चालणं. आम्ही तर टायरमध्ये डांबरी रस्त्यासारखी टणक हवा भरून गेलो होतो. अशा वाटेवर हवा थोडी कमी ठेवायची असते, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतो. हे आम्हाला तिथं दुसऱ्या मुलांकडून कळलं, पण तोवर शिट्टी वाजायची वेळ झाली होती.

आमच्यातला थोरला पहिल्याच उतारावर पडला. उतारावर बूड मागे न्यायचं, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची आणि जिथं जायचं तिथं बघायचं, हे त्याला तोंडपाठ होतं. पण समोर मोठा दगड दिसला आणि तो दगडाकडेच बघत राहिला. सायकल नजरेच्या मागे जाते. गुडघा फुटला आणि निकालात त्याच्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’ एवढंच आलं.

धाकट्याची दुसऱ्या फेरीत ट्यूब फुटली. या खेळात ठरावीक जागा सोडून बाहेरच्या कुणाची मदत घेता येत नाही. वाटेच्या कडेला उभे असलेले एक आजोबा बिचारे मदतीला धावले, पण पंचांनी त्यांना थांबवलं. धाकट्याच्या पाठीवरच्या पिशवीत नवी ट्यूब होती, टायर काढायच्या पट्ट्या होत्या, पंपही होता. नव्हतं ते एकच, त्याने आयुष्यात कधी ट्यूब बदललेली नव्हती. पंक्चर झालं की कोपऱ्यावरच्या काकांकडे सायकल टाकायची आणि आपण क्लासला जायचं, ही आमची सवय. पाच मिनिटांच्या कामाला त्याला वीस मिनिटं लागली. पहिल्या फेरीला पुढच्या मुलाला जेवढा वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्के इतकं मागे पडलं की पंच स्पर्धकाला बाहेर काढतात. आमच्या शर्यतीत पहिली फेरी पंधरा मिनिटांची झाली होती, म्हणजे बारा मिनिटांची सूट. फेरी संपता संपता त्याला थांबवलं. निकालात लिहिलं होतं : बारावा, दोन फेऱ्या कमी.

परतीच्या गाडीत आम्ही ‘पंक्चर झालं नसतं तर’ असं घोकत होतो. मग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची शर्यत आठवली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचा टायर शर्यत चालू असतानाच बसला. त्याचं चाक बदलायला माणसं होती हे खरं, पण त्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला. तरी शेवटच्या फेरीत त्याने फ्रान्सच्या कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्णपदक घेतलं. तेव्हापासून आम्ही पंक्चरला दोष देणं बंद केलं.

आता फलकावर जिचं नावच नव्हतं तिच्याविषयी. आमच्यातली मुलगी मुलींच्या शर्यतीत चौथी आली. मुली चारच होत्या. ‘शेवटची आली’ असं कसं कळवायचं, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण तिघांत पूर्ण शर्यत संपवणारी ती एकटीच आहे. थोरला पडला तोच उतार ती पहिल्या फेरीत सायकल हातात धरून चालत उतरली. कडेचे लोक हसले. नियमात चालायला मनाई नाही. तिसऱ्या फेरीत तोच उतार ती सायकलवरून उतरली. फलकावर घालण्यासारखं काही असेल तर ते हे होतं.

हा खेळ सुरू कसा झाला तेही सांगतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगरावरून खाली पळवू लागले. उतारावर ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणं म्हणजे ‘रीपॅक’, तेच त्या शर्यतीचं नाव पडलं. वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. म्हणजे ज्यांनी हा खेळ काढला, त्यांचे हात काळे होते. आमचे स्वच्छ होते, तिथंच आम्ही हरलो.

परत आल्यावर आम्ही तिघंही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे महिनाभर संध्याकाळी जाऊन बसलो. आता धाकटा सात मिनिटांत ट्यूब बदलतो. मुलगी सहा मिनिटांत. थोरल्याचं अजून चाललंय.

म्हणून मंडळाला दोन विनंत्या. पुढच्या शर्यतीनंतर फलक लावायचा असेल तर आधी आम्हाला निकालाचा कागद मागा. आणि उत्सव संपल्यावर दर रविवारी सकाळी सात वाजता मंडपाची ही जागा आम्हाला द्या. गल्लीतल्या मुलांना ट्यूब बदलायला, साखळी बसवायला आम्ही शिकवू. काका स्वतः येतो म्हणाले आहेत. काकूंना खास सांगणं, मुलींनाही पाठवा. हात काळे होतील, साबण आम्ही ठेवू.

तुमच्या वर्गणीचं पदक आम्ही आणलं नाही. जे आणलं ते हे आहे. हिशोब चुकला असेल तर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!