पट्टी कोण ठरवतं?

(पनवेल येथील एका महिला मेळाव्यात केलेलं भाषण, थोड्या संक्षेपाने.)

मला विषय दिलाय ‘बायकांचे न मोजलेले श्रम’. या विषयावर आपण शिबिरांमधून पुष्कळ बोललो आहोत. पाणी, सरपण, स्वयंपाक, मुलं, आजारपणं, सगळं आपण फळ्यावर मांडलंय. आज मी एका वेगळ्या कामाबद्दल बोलणार आहे. आपल्या पनवेलमध्ये एक बाई गेली तीस वर्षं एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवते. तिची परवानगी घेऊन बोलते आहे. तिचं किंवा त्या मंडळीचं नाव घ्यायचं नाही असं आमचं ठरलंय. गल्लीत सगळे तिला मावशी म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

मावशीची आणि माझी ओळख झाली ती आपल्या नेहमीच्या चोवीस तासांच्या तक्त्यावरून. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं ते प्रत्येकीनं सांगायचं आणि मी लिहायचं. मावशीनं सांगितलं ते असं : पाचला उठणं, पाणी भरणं, डबे, एस.टी.तून निवृत्त झालेल्या नवऱ्याची औषधं, मग दुपारभर फॉल-पिकोचं मशीन, संध्याकाळी नातीचा अभ्यास. तक्ता भरला. मी ‘गृहिणी, घरगुती शिवणकाम’ असं लिहून मोकळी झाले.

निघताना भिंतीशी कापडाखाली झाकलेली पेटी दिसली. विचारलं, “ही कोण वाजवतं?”

“मीच की. रविवारच्या उपासनेला, शुक्रवारच्या सरावाला, लग्नाला, मयताला. नाताळात तर घरोघरी.”

“मग हे तक्त्यात का नाही सांगितलं?”

“अहो ताई, ते काय काम आहे का? ती सेवा.”

मैत्रिणींनो, ‘सेवा’ हा शब्द आला की मला आता धसका बसतो. ज्या कामाचा मोबदला द्यायचा नसतो आणि जे केल्याशिवाय सुटकाही नसते, त्याला आपल्याकडे सेवा म्हणतात. मी तक्ता परत उघडला. आम्ही दोघींनी बसून आठवड्याचे तास मोजले. सराव, उपासना, नवी चाल बसवणं, पोरींना सूर शिकवणं, कुणाच्या घरी प्रार्थनासभा असली तर तिथं जाणं. साध्या आठवड्यात बारा-तेरा तास भरले. उत्तम शुक्रवाराच्या आणि नाताळाच्या आठवड्यात त्याच्या दुप्पट. मोबदला? नाताळात एक साडी. पेटीची दुरुस्ती स्वतःच्या पदरची.

पण मला नुसता हिशेब मांडायचा नाही. त्या कामातून ही बाई काय उभं करते, ते सांगायचंय.

त्याआधी पेटीबद्दल थोडं. हे वाद्य मूळचं परदेशी. फ्रान्समध्ये अलेक्सांद्र दबँ यानं १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायची ती पेटी मिशनऱ्यांबरोबर इकडे आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातानं भाता मारायची पेटी केली आणि ती जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली. मग कीर्तनकार, नाटकवाले, भजनी मंडळं, सगळ्यांनीच ती घेतली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओव्या, कीर्तन यांना चर्चमध्ये पक्की जागा करून दिली. मावशीचं माहेर नगर जिल्ह्यातलं. टिळकांची भजनं तिला पुस्तकातून शिकावी लागली नाहीत, ती आजीच्या मांडीवर शिकली.

टिळकांचं नाव घेतलं की लक्ष्मीबाई टिळकांचं घ्यायलाच हवं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या दूर राहिल्या, सोवळं-ओवळं सगळं त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडून सोडलं आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकींनी वाचलंय. पण टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुरं केलं, हे किती जणींना ठाऊक आहे? टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी लिहिले. म्हणजे सेवा कुणाची आणि कर्तृत्व कुणाचं, हा हिशेब तिथेही नीट मांडावा लागतो.

चर्चमध्ये बाईच्या आवाजाचा प्रश्न जुना आहे. बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं पौलाच्या पत्रात आहे. दहावे पायस या पोपनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी संगीताविषयी आज्ञापत्र काढलं. गायन हे उपासनेतलं पद आहे, ते बाईला देता येत नाही, म्हणून गायकवृंदात बायका नकोत, असं त्यात होतं. आणि २२ नोव्हेंबर हा दिवस कुणाचा? संत सिसिलियाचा. ती संगीतकारांची आश्रयदाती संत, आणि ती बाई! हे दार अधिकृतपणे किलकिलं व्हायला १९५५ साल उजाडावं लागलं. गावोगावच्या बायका त्याआधीही गात होत्याच, तो भाग वेगळा. मावशीची मंडळी प्रॉटेस्टंट, तिला पोपची आज्ञा लागू नाही. पण मी हे सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, “आमच्यात लिहून ठेवत नाहीत, एवढाच फरक.”

तो फरक तिनं मला पेटीवरच दाखवला. पुरुषांना साधारण काळी एक, काळी दोन या पट्टीत सोयीचं जातं. बायकांना काळी चार, काळी पाच. तिच्या आधी पेटीवर एक गृहस्थ होते, ते सगळं काळी एकमध्ये धरायचे. बायकांचा आवाज वर गेला की फाटायचा आणि खाली आला की ऐकूच यायचा नाही. मग लोक म्हणायचे, आमच्या बायकांना गळाच नाही. मावशी पेटीवर बसली आणि कुणालाही न सांगता हळूहळू पट्टी बदलत गेली. काही गाणी मधल्या पट्टीत, काही सरळ बायकांच्या. “गळा होता गं,” ती म्हणाली, “पट्टी आपली नव्हती.”

इतक्या शिबिरांत मी ‘निर्णयप्रक्रियेत सहभाग’ हे शब्द वापरलेत. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता तिच्या मैत्रिणींबद्दल. पहिली मैत्रीण शेजारची, बेने इस्राएल. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं, म्हणजे ही मंडळी इथली किती जुनी ते बघा. बेने इस्राएलांमध्येही एकोणिसाव्या शतकापासून मराठी कीर्तनं होत आली आहेत, आणि या मैत्रिणीच्या आजीला ती पाठ होती. दाविदाची स्तोत्रं दोघींचीही. दुपारी मशीन थांबवून मावशी पेटी काढायची. ती तिच्या चालीत म्हणायची, ही हिच्या चालीत. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा त्या दोघींनी आधी पेटी उचलून माळ्यावर टाकली, मग धान्याचे डबे. तरी खालचा भाग भिजला, भात्याचं कातडं सुटलं, सूर गंजले. दुरुस्तीचे अर्धे पैसे त्या मैत्रिणीनं दिले. आपल्या सिनेगॉगमध्ये जी कधीच वाजणार नव्हती, त्या पेटीसाठी. पुढे ती मुलांकडे इस्राएलला गेली. फोनवर अजून गाणी होतात.

दुसरी मैत्रीण बाजारात मासे विकणारी कोळीण. वीस वर्षांची ओळख, घासाघीस करता करता झालेली. ही दोस्ती पुढे कुठं कामाला आली ते आता सांगते.

शुक्रवारचा सराव हे अनेक जणींसाठी संध्याकाळी एकटीनं घराबाहेर पडण्याचं एकमेव कारण आहे. ‘सरावाला जाते’ म्हटलं की सासूही अडवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सराव बंद पडला, तेव्हा मावशी दर शुक्रवारी एकेकीला फोन लावून एक कडवं म्हणायला लावायची. जिला घरात बोलता यायचं नाही ती नुसती गुणगुणायची. कुणाचा आवाज कसा येतोय यावरून मावशी ओळखायची.

सराव पुन्हा सुरू झाल्यावरची गोष्ट. नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी, गळा गोड. एका भजनाच्या ध्रुपदाच्या शेवटी लांब सूर आहे. चार शुक्रवार ती तो सूर अर्ध्यातच सोडत होती. बाकीच्यांना वाटलं, लक्ष नाही. मावशीला दिसलं की तिला श्वासच भरून घेता येत नाहीये. श्वास घेताना डावी बाजू हातानं दाबून धरते. मावशीनं काही विचारलं नाही. म्हणाली, “माझा एक हात भात्यावर, एक सुरांवर. पुस्तकाची पानं कोण उलटणार? तू बस माझ्याजवळ.” ती बसू लागली. तिसऱ्या आठवड्यात बोलली. नवरा बरगडीत लाथ मारत होता.

मावशीनं मला बोलावलं. मी आपली एम.एस.डब्ल्यू. झालेली, लगेच वही काढली. म्हटलं, उद्याच तक्रार देऊ. तेव्हा मावशी मला पहिल्यांदा ‘अगं’ म्हणाली. “अगं, तिला आधी श्वास तर घेऊ दे. तुझ्या वहीत ती केस होईल. इथं ती अजून गाणारी मुलगी आहे.” मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण आम्ही थांबलो. दवाखान्यात नेलं, कागद जपून ठेवले आणि ठरवणं तिच्यावर सोडलं. ज्या रात्री तिनं घर सोडलं त्या रात्री ती मावशीकडे राहू शकत नव्हती. सासरची माणसं त्याच मंडळीतली, ती पहिल्यांदा तिथंच आली असती. ती राहिली कोळी मैत्रिणीकडे. तिथं तिला कुणी शोधणार नव्हतं.

पुढे संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल झाला, २००५ च्या कायद्याखाली अर्ज गेला. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं तो कायदा म्हणतो. आमचा अनुभव काय, ते तुम्हाला सांगायला नको. पण संरक्षणाचा आदेश मिळाला. तिला घटस्फोट हवा आहे का, हे तिचं अजून ठरलेलं नाही. ठरवायला तिला वेळ आहे, हीच मोठी गोष्ट. १८६९ च्या कायद्यानं ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरत होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता नाहीतर परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नव्हती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेनं कायदा बदलला. मावशीची तरुणपणीची एक मैत्रीण त्याच्या आधीच्या काळातली. तिच्याबद्दल मावशी फार बोलत नाही. एकदा एवढंच म्हणाली, “तिचाही सूर तुटायचा. मला तेव्हा ऐकायला येत नव्हतं.”

या सगळ्याची किंमत मावशीनं मोजली. घरातल्या गोष्टी पेटीपर्यंत आणू नका, असं तिला सांगण्यात आलं. मग कुणीतरी सुचवलं की आता तरुण मुलाच्या हाती कीबोर्ड द्यावा, मावशींनी विश्रांती घ्यावी. तीन रविवार ती मागच्या बाकावर बसली. मुलगा चांगला वाजवतो, पण त्यानं पट्टी पुन्हा खाली नेली. चौथ्या शुक्रवारी बायका सरावाला गेल्या आणि गायल्याच नाहीत. घोषणा नाही, निवेदन नाही. नुसत्या बसून राहिल्या. शेवटी त्या मुलानंच उठून मावशीला विचारलं, “मावशी, यांची पट्टी कुठली?”

आज दोघं आलटून पालटून वाजवतात. साडीऐवजी पेटीच्या दुरुस्तीचा खर्च मंडळीनं द्यावा ही मागणी तिनं केली, ती मान्य झाली. वर्षाच्या अहवालात तिचं नाव यावं ही दुसरी मागणी अजून लोंबकळते आहे.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीत धर्मस्थळांकडे संशयानं बघण्याची सवय आहे, आणि ती उगाच लागलेली नाही. पौलाचं पत्र अजून तिथंच आहे. ‘घरातलं घरात ठेवा’ म्हणणारेही तिथंच आहेत. तरीसुद्धा बायका तिथं जमतात. भजनी मंडळात, कॉयरमध्ये, हरिपाठात जमतात, आणि तिथं त्यांच्यातलीच कुणीतरी एकेकीचा आवाज रोज ऐकत असते. आपण आपलं केंद्र उघडून, फलक लावून बाई येण्याची वाट बघतो. मावशीला मात्र तक्रार तोंडातून निघायच्या आधीच ऐकू येते. ती आपली कार्यकर्ती नाही. तिला तसं म्हटलेलं आवडणारही नाही. पण आपण तिच्याकडून शिकावं, असं मला वाटतं.

म्हणून एकच विनंती. पुढच्या शिबिरात चोवीस तासांचा तक्ता भराल तेव्हा ‘फावला वेळ’ या रकान्यात काही लिहिण्याआधी पुन्हा एकदा विचारा. आणि आपापल्या वस्तीत पेटीवर, टाळांवर, ढोलकीवर कोण बसते ते शोधा. तिच्याशी ओळख करा, पण केस मागायला नको, आधी गाणं ऐकायला जा.

परवा मी सरावाला जाऊन बसले होते. ती मुलगी परत येते आता. ध्रुपद आलं, मावशीनं भाता पूर्ण उघडला आणि वाट बघितली. तिनं तो सूर शेवटपर्यंत नेला. मी वही काढली नाही.

एवढं बोलून थांबते.