एका कडीची दुरुस्ती

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात येते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते. पण हा निरोप्या जेमतेम २ मिनिटे टिकतो. एक विकर त्याची अमिनो आम्लांची साखळी दुसऱ्या कडीनंतर तोडते.

रसायनशास्त्रज्ञांनी त्या कडीवर, अ‍ॅलनिनवर, एक मिथाइल गट वाढवला. विकराची कात्री अडली. पुढे मेदाम्लाची शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते. हेच सेमाग्लुटाइड. २०१७ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आठवड्याला एक सुई पुरते.

शेरातला शब्द बदलताना वृत्त मोडू नये, ही आम्हा कवींची काळजी. इथे आकार बिघडला तर पेशी निरोपच ओळखणार नाही. माझी अम्मी रोज सुई टोचून घ्यायची. म्हणून ‘आठवड्याला एक’ हा हिशेब मला कोरडा वाटत नाही.