दूरची दुसरी वही

जुन्या काळच्या एखाद्या सावध पेढीवर दिवेलागणीनंतर मुनीमजी दिवसभराची रोजकीर्द दुसऱ्या वहींत उतरून काढीत आणि ती दुसरी वही मालकाच्या घरीं रवाना होई. पेढीस आग लागली तरी घरची वही शाबूत राही. कोणाचें देणें किती आणि कोणाकडून येणें किती, याचा पुरावा नष्ट होत नसे. मात्र ही सारी तजवीज एका गोष्टीवर अवलंबून असे. घरीं पोंचलेली वही खरोखर आजपर्यंतची आहे काय, तींतलें एखादें पान कोरें तर राहिलें नाहीं ना, हें कोणी तरी नित्य पाहिलें पाहिजे. तें न पाहिल्यास वही असून नसल्यासारखीच. आणि हें उघडकीस यावयाचें तें आगीच्या दुसऱ्या दिवशीं!

आज बँकेची, शेअर बाजाराची किंवा रुग्णालयाची वही कागदाची राहिलेली नाहीं. भाजीच्या गाडीपाशीं मोबाइलवरून दिलेल्या वीस रुपयांची नोंदहि शेवटीं कोठें तरी एका डेटा सेंटरमधील कपाटाएवढ्या साठवण-यंत्रांत होते. या यंत्रांना व्यवहारांत ‘स्टोरेज’ म्हणतात. असें एक यंत्र आपल्यावर होणारी प्रत्येक नोंद दूरच्या गांवीं ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राकडे आपण होऊन धाडीत राहतें. या क्रियेस ‘रेप्लिकेशन’ हें नांव आहे. ईएमसी या अमेरिकन कंपनीनें १९९४ मध्यें आपल्या सिमेट्रिक्स यंत्रांसाठीं अशी सोय बाजारांत आणली, आणि पुढें मोठ्या संस्थांच्या कारभारांत तिच्यासारख्या सोयी अपरिहार्य होऊन बसल्या.

दुसरी वही लिहिण्याच्या रीती दोन आहेत. पहिल्या रीतींत, दूरच्या यंत्राकडून ‘पोंचलें’ अशी पावती येईपर्यंत पहिलें यंत्र नोंद पुरी झाली असें म्हणतच नाहीं. दोन्ही वह्यांत त्यामुळें अक्षराचाहि फरक पडत नाहीं. परंतु पावतीची वाट पाहण्यांत वेळ जातो. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे शंभर किलोमीटरांवर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा एक हजारावा भाग लागतो. मुंबई आणि चेन्नई यांमधील सरळ रेषेंतलें अंतरच हजार किलोमीटरांहून अधिक. तेथें हा काळ दहापटींहून अधिक होतो. एकेका नोंदीला एवढी खोटी होऊं लागली तर लक्षावधि नोंदींचा व्यवहार तुंबून जाईल. म्हणून ही रीत बहुधा जवळच्या केंद्रापुरती ठेवतात. दूरच्या केंद्रासाठीं दुसरी रीत वापरतात. तींत पहिलें यंत्र नोंद करून मोकळें होतें आणि तिची प्रत मागाहून धाडतें. येथें गति राहते, पण दुसरी वही नेहमींच थोडी मागें असते.

मग दूर जावें तरी कशासाठीं? भूकंप, महापूर किंवा शहरभर वीज जाणें, यांचा फटका शेजारच्या दोन इमारतींना एकदमच बसतो, म्हणून. आपल्या देशांतील शेअर बाजारांना सेबीनें असें बजावलें आहे कीं मुख्य केंद्र आणि आपत्ति-केंद्र शक्यतों निरनिराळ्या भूकंप-पट्ट्यांत असावींत, आणि तें न साधल्यास त्यांच्यामध्यें निदान ५०० किलोमीटर अंतर असावें. २०२१ मध्यें सेबीनें काळाचीहि मर्यादा आंखली: आपत्ति जाहीर झाल्यापासून ४५ मिनिटांत कारभार पुन्हा उभा राहिला पाहिजे, आणि हरवलेल्या नोंदी १५ मिनिटांहून अधिक काळाच्या असतां कामा नयेत. ही पंधरा मिनिटें म्हणजेच पिछाडीची मर्यादा. आणि तिच्यावर नजर ठेवणें हेंच पहारेकऱ्याचें पहिलें काम.

हें काम वाटतें तितकें सरळ नाहीं. समजा, एका संस्थेंत एरवीं दर सेकंदाला ४० मेगाबाइट लिखाण होतें आणि दूरच्या केंद्राकडे जाणारी वाट सेकंदाला १०० मेगाबाइट वाहून नेऊं शकते. हिशेब निर्धास्त वाटतो. परंतु पगाराच्या दिवशीं तासभर हें लिखाण १६० मेगाबाइटांवर जातें. तासाच्या अखेरीस २१६ गिगाबाइट मजकूर वाटेच्या तोंडाशीं तुंबलेला असतो आणि दूरची वही साडेबावीस मिनिटें मागें पडलेली असते. पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. गर्दी ओसरली कीं तुंबलेला साठा कमी होऊं लागतो. तेवढ्याच आंकड्याकडे पाहणारा पहारेकरी सुटकेचा नि:श्वास टाकतो. परंतु वाटेवर अद्याप गर्दीच्याच तासांतल्या दाट नोंदी चाललेल्या असतात. त्यामुळें वेळाच्या मापानें पिछाडी वाढतच राहते, आणि गर्दी संपल्यावर आणखी ३६ मिनिटांनीं ती ३६ मिनिटांवर जाऊन पोंचते. मग पुढच्या २४ मिनिटांत ती नाहींशी होते. पंधरा मिनिटांची मर्यादा गर्दीच्या चाळिसाव्या मिनिटालाच ओलांडलेली असते. दिवसाची सरासरी पाहणाऱ्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं. म्हणून जाणता पहारेकरी साठा आणि काळ हीं दोन्ही मापें शेजारीं शेजारीं ठेवतो.

तुंबलेल्या नोंदी ठेवण्याची जागाहि अमर्याद नसते. ती भरली किंवा वाट तुटली, म्हणजे यंत्र प्रत धाडणें थांबवितें आणि कोणकोणतीं पानें बदललीं याची केवळ खूण करून ठेवतें. पहिल्या केंद्रांतला कारभार बिनधोक चालूच राहतो. ग्राहकाला पैसे मिळतात, तिकिटें निघतात, कोणाचीहि तक्रार येत नाहीं. सर्वांत मोठा धोका या शांततेंतच आहे. शुक्रवारीं रात्रीं थांबलेली प्रत सोमवारीं सकाळीं लक्षांत आली, तर मधले दोन दिवस ती संस्था एकाच वहीवर विसंबून होती असा त्याचा अर्थ.

वाट पुन्हा जुळली तरी संकट लगेच टळत नाहीं. नोंदींना क्रम असतो. एका खात्यांतून रक्कम वजा होते आणि मग दुसऱ्यांत जमा होते. दूरच्या वहींत जमा आधीं आणि वजा मागून आली, आणि नेमक्या त्याच क्षणीं पहिलें केंद्र बुडालें, तर पैसा शून्यांतून निर्माण झालेला दिसेल. खूण केलेलीं पानें भरून काढतांना हा क्रम पाळला जात नाहीं. तेवढ्या अवधींत दूरची वही अर्धवट, म्हणजे जुन्या वहीपेक्षांहि निरुपयोगी असते. म्हणून भरणा सुरू करण्यापूर्वीं तिची एक सुसंगत प्रत बाजूला राखून ठेवतात. आणि ती राखली आहे कीं नाहीं, हें पाहणें पहारेकऱ्याकडे येतें.

यंत्राच्या इमानदारीलाहि एक मर्यादा आहे. कोणी चुकून खातीं पुसलीं, तर दूरचें यंत्र तितक्याच इमानानें तीं पुसतें. तेव्हां दुसरी वही आहे म्हणून काल-परवांच्या निराळ्या प्रती ठेवण्याची, ज्यांना बॅकअप म्हणतात त्यांची, गरज संपत नाहीं.

पहारा कसा ठेवावा, याचेहि कांहीं धडे अनुभवानें मिळालेले आहेत. धोक्याची घंटा ज्या इमारतींत आग लागावयाची तिच्यांतच असूं नये. दर मिनिटाला वेळेचा शिक्का मारलेली एक लहानशी नोंद पहिल्या यंत्रावर करावी आणि ती दुसऱ्या टोंकाला केव्हां उमटली हें वाचावें. यंत्रानें स्वत:विषयीं दिलेल्या ग्वाहीपेक्षां ही साक्ष भरंवशाची. ठरल्या वेळीं निरोप आला नाहीं, तर तो न येणें हाच धोक्याचा इशारा समजावा. आणि घंटा क्षुल्लक कारणांसाठीं रोज शंभरदां वाजूं देऊं नये; कारण मग खऱ्या वेळींहि कोणी उठत नाहीं.

तरीहि एक प्रश्न उरतो: ही दुसरी वहीच पहिलीच्या मुळावर आली तर? मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्यें २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं व्यवहार थांबले. ते दुपारीं पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि बाजार पांच वाजेपर्यंत चालवावा लागला. बाजारानें पुढें दिलेल्या खुलाशाप्रमाणें, जवळच्या आपत्ति-केंद्राशीं जोडणाऱ्या दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या. त्याचा परिणाम मुख्य केंद्रांतील साठवण-यंत्रणेवर होऊन ती सर्व्हरांना मिळेनाशी झाली, आणि जोखीम-नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली. जोखीम मोजतां येत नसेल तर सौदे चालूं देणें योग्य नव्हे, म्हणून बाजार थांबला. प्रतीची वाट बिघडली तरी मूळ वही चालूच राहावी, हा या सर्व रचनेचा पाया. तोच त्या दिवशीं डळमळला. दोन कंपन्यांच्या दोन वाहिन्या म्हणजे दोन स्वतंत्र वाटा, असें गृहीत धरून चालत नाहीं. त्या एकाच रस्त्याच्या कडेनें जात असतील, तर एका कुदळीला दोन्ही पुरेशा होतात. पुढच्याच महिन्यांत सेबीनें नियम केला कीं महत्त्वाची यंत्रणा कोलमडल्यास ३० मिनिटांच्या आंत आपत्ति जाहीर केलीच पाहिजे. बिघाड आतां निघेल, मग निघेल, या आशेवर तास जाऊं नयेत, हा त्यांतला हेतु.

अखेर पहाऱ्याची खरी परीक्षा दुसऱ्या वहीवर कारभार करून पाहण्यांतच आहे. शनिवार, २ मार्च २०२४ आणि शनिवार, १८ मे २०२४ या दोन दिवशीं शेअर बाजारांनीं खास सत्रें भरविलीं. पहिलें सत्र मुख्य केंद्रावरून आणि दुसरें आपत्ति-केंद्रावरून, आणि त्यांत सौदे खरेखुरे झाले. सुटीच्या दिवशीं, सर्वांच्या देखत, हातीं वेळ असतां जी चूक सांपडते, ती संकटाच्या दिवशीं सांपडणाऱ्या चुकीपेक्षां किती तरी स्वस्त पडते.

निवृत्त शिक्षकाच्या खात्यांतलें पेन्शन, रुग्णाच्या रक्तगटाची नोंद, घराच्या कर्जाचा भरलेला हप्ता, हीं सारीं आज अशाच वह्यांच्या आधारावर उभीं आहेत. ज्यांचा हा पैसा आणि ज्यांच्या या नोंदी, त्यांना दूरच्या दुसऱ्या वहीचें अस्तित्व ठाऊकहि नसतें, आणि तिच्यावर रात्रभर नजर ठेवणाऱ्याचें नांव तर मुळींच ठाऊक नसतें. परंतु त्यानें तीन प्रश्न दररोज विचारले पाहिजेत: दुसरी वही किती मागें आहे, ती सुसंगत आहे काय, आणि तिच्यावर कारभार शेवटचा केव्हां करून पाहिला? ज्या संस्थेला या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि घटकेस देतां येतात, तिच्यापाशींच दुसरी वही आहे असें म्हणावें.