आकडा नाचतो, चार्जशीट कुणाला?

(तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पगार, बढती आणि बोनस हे विषय आज बाजूला ठेवून आम्ही पॅनेलवर नाचणाऱ्या आकड्याविषयी बोलणार आहोत. काही साथी म्हणतील, हे काम इंजिनियरचे, युनियनचा त्यात काय संबंध? संबंध असा, की टाकी ओसंडली, पंप कोरडा चालून जळला किंवा कॉम्प्रेसर विनाकारण बंद पडला, तर कागद येतो तो पाळीवर असलेल्या माणसाच्या नावाने. रेल्वेत त्या कागदाला एस. एफ. ११ म्हणतात, प्रकरण वाढवायचे असेल तर एस. एफ. ५. टपाल खात्यातील साथींना नियम १६ आणि नियम १४ वेगळे सांगायला नकोत. या कागदाला उत्तर द्यायचे तर आकडा का नाचला हे आपल्याला ठाऊक हवे.

आधी मूळ गोष्ट. पाण्याच्या टाकीत पातळी मोजणारे यंत्र असते. ते पातळीच्या प्रमाणात तारेतून प्रवाह पाठवते, ४ ते २० मिलिअँपियर. टाकी रिकामी असेल तर ४, काठोकाठ भरली की २०. टाकी आठ मीटरची धरली तर दर मीटरला २ मिलिअँपियर झाले. म्हणजे तारेत अर्ध्या मिलिअँपियरचा गोंधळ घुसला, तर पाणी जागचे हलले नसताना पडद्यावर पाव मीटरचा फरक दिसतो. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून का? तार तुटली की शून्य येते, आणि रिकामी टाकी व तुटलेली तार यांतला फरक तिथेच कळतो. ही युक्ती काढणारा माणूस कधीतरी रात्रपाळीला बसला असावा, असे आम्हाला नेहमी वाटते.

टपालातील साथींनी हा प्रश्न आपला नाही असे समजू नये. इलेक्ट्रॉनिक काट्यात जो लोड सेल असतो, त्याचा सिग्नल याहून नाजूक. कारखान्यात सर्रास वापरला जाणारा लोड सेल दहा व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला जेमतेम २० मिलिव्होल्ट देतो. मग पंख्याचा वारा, डुगडुगणारे टेबल किंवा खराब अर्थिंग, यांतल्या कशानेही शेवटचा आकडा थांबत नाही, आणि रांगेतला माणूस वाद घालतो तो काउंटरवरच्या क्लार्कशी.

आता एका पंपघराची हकिगत. ठिकाणाचे नाव घेत नाही. २०१८ साली तिथल्या पंपाला वेग कमी-जास्त करणारी नवी ड्राइव्ह बसवली. त्या दिवसापासून पंप सुरू झाला की टाकीचा आकडा नाचू लागला. ऑपरेटरने तोंडी तक्रार केली. ठेकेदाराचा माणूस आला, त्याने प्रोग्राममधला फिल्टर वाढवला, आकडा शांत झाला, साहेब खूश झाले. पुढे एका रात्री टाकी ओसंडून पाणी स्विच रूममध्ये शिरले, आणि ऑपरेटरला कामात दुर्लक्ष केल्याबद्दल एस. एफ. ११ मिळाला. पडद्यावर मात्र टाकीत अजून जागा दिसत होती!

शाखेने संयुक्त तपासणी मागितली आणि ती झाली. पंप हाताने चालवण्यावर घेतला, पाळी प्रमुखाला लेखी कळवले. टाकीवर माणूस चढवून टेपने पाणी मोजले, कारण कधी कधी पाणीच खरोखर हलत असते आणि आपण उगीच तारांना दोष देतो. मग पॅनेलच्या टर्मिनलवरून बाहेरची तार सोडवून तिथे लूप कॅलिब्रेटरने १२ मिलिअँपियर दिले. पंप चालू असो वा बंद, पडदा चार मीटर दाखवत राहिला. म्हणजे पॅनेलमधले कार्ड निर्दोष. नंतर तोच कॅलिब्रेटर टाकीच्या टोकाला लावला. पंप बंद असताना चार मीटर; पंप सुरू होताच तीन मीटर सत्तर, आणि तेही अगदी स्थिर! दोष मधल्या तारेत होता, आणि फिल्टरने तो घालवला नव्हता. नाचणारा आकडा निदान ओरडून सांगत होता की माझ्यावर विश्वास ठेवू नका. फिल्टरने त्याला गप्प केले आणि खोटा ठेवला.

चर उघडला तेव्हा मापनाची केबल ड्राइव्हच्या मोटर केबलला बांधून एकाच चरातून नेलेली दिसली. शिवाय केबलचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेले होते. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा जरी दाबाचा फरक असला तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. टाकीकडचे टोक सोडवून टेप गुंडाळली, केबल वेगळ्या मार्गाने नेली, जिथे ओलांडणे टळत नव्हते तिथे काटकोनात ओलांडली. त्यानंतर फिल्टर पूर्वीइतका कमी करूनही आकडा हलला नाही. चार्जशीट रद्द झाले, पण त्यात त्या साथीचे चार महिने गेले.

फिल्टरचा दुसरा धोका उशिराचा. साध्या फिल्टरला ३० सेकंद दिले तर दाबातला बदल पडद्यावर ९५ टक्के दिसायला दीड मिनिट लागते. पाण्याच्या टाकीत ते चालून जाते, हवेच्या दाबात नाही.

दरवेळी चर उघडावा लागतो असेही नाही. पुष्कळदा सैल स्क्रू, जंक्शन बॉक्समधले पावसाचे पाणी किंवा मान टाकणारा २४ व्होल्टचा सप्लाय एवढेच निघते. तेव्हा पहिल्यांदा पेचकस, नंतर शहाणपण. मीटर ए.सी. मिलिव्होल्टवर ठेवून टर्मिनलवर धरा. डी.सी.वर शांत दिसणाऱ्या तारेतला ५० हर्ट्‌झचा गोंधळ तिथे दिसतो.

मुंबईच्या साथींना एक जास्तीची गोष्ट. उपनगरी मार्गांवर १९२५ पासून १,५०० व्होल्ट डी.सी. होते, २०१६ पर्यंत सर्वत्र २५,००० व्होल्ट ए.सी. आले. रुळांना समांतर जाणाऱ्या लांब केबलमध्ये ए.सी. दाब चढवते, डी.सी.च्या काळात हा त्रास फारच कमी होता. तेव्हा अशा केबलच्या सोडलेल्या शील्डला मीटर लावल्याखेरीज हात लावू नका. सिग्नलच्या सर्किटला तर डिस्कनेक्शन मेमोशिवाय कुणीही शिवायचे नाही. आणि आकडा थांबतो म्हणून यंत्राची संरक्षक अर्थ कुणी काढत असेल तर त्याला तिथेच रोखा. सोडवायचे ते शील्डचे एक टोक. यंत्राची अर्थ माणसाच्या जिवासाठी असते.

प्रशासनाकडे आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक डेपोला एक कॅलिब्रेटर, केबलच्या खऱ्या मार्गाचा नकाशा, आणि फिल्टर किंवा अलार्मचा आकडा कुणी, कधी, कितीने बदलला याची सहीनिशी नोंद. ठेकेदाराच्या माणसाचीही सही त्यात हवी. आपल्या बाजूने तोंडी तक्रार बंद. आकडा नाचला तर वेळ, त्या वेळी कोणती मोटर चालू होती आणि हाताने मोजलेले माप पाळीच्या वहीत लिहायचे. चार्जशीट आलेच तर उत्तराला मोजकेच दिवस असतात. पहिल्याच दिवशी या नोंदी, कॅलिब्रेशनची तारीख आणि त्या रात्रीचा ट्रेंड पाहायला मागा, आणि लेखी मागा.

ज्यांच्या शाखेत असे प्रकरण सध्या चालू आहे, त्यांनी कागदांच्या प्रती घेऊन चहानंतर आमच्याकडे येऊन बसावे.