तीन शास्त्रे आणि आपले साजगाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मानववंशशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशी भारी नावे घेऊन मी उभी राहिले याचे तुम्हांला हसू येईल. मलाही येते. पण माझ्या धाकटीने खोपोलीला कॉलेजात असले विषय घ्यायचे म्हटले, तेव्हा "त्याने पोट भरते का गं?" असे घरात सर्वांआधी मीच विचारले होते. ती म्हणाली, "आई, तू आधी ऐक तरी." तेव्हापासून मी भाकऱ्या थापते आणि ती शेजारी बसून वाचून दाखवते. त्यातले जेवढे कळले तेवढेच सांगते.

मानववंशशास्त्र म्हणजे माणूस कोठून आला, कसा राहतो, काय खातो, कोणाशी सोयरीक करतो याचा अभ्यास. यात आपल्या इरावतीबाई कर्वे यांचे नाव फार मोठे. जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. १९३० साली बर्लिनची डॉक्टरेट मिळवली, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवले, आणि देशभर हिंडून नात्यागोत्यांची माहिती गोळा केली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. उत्तरेकडच्या हिंदूंत मामाची मुलगी ती बहीणच. दक्षिणेत मामाची चालते, आत्याचीही चालते. आपण मधले! आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची करीत नाहीत. मी स्वतः आत्याच्या घरी सून म्हणून आले. सासूबाईंना अजून आत्याच म्हणते. हा ग्रंथातला विषय आहे हे मला काय ठाऊक!

आपल्या वाड्यांवर राहणाऱ्या लोकांवरही ग्रंथ आहेत बरे का. वेलिंग यांनी कातकऱ्यांवर १९३४ साली लिहिले, ल. ना. चापेकरांनी ठाकरांवर १९६० साली. दोन्ही इंग्रजीत. मराठीत हवे तर ना. गो. चापेकरांचे 'बदलापूर' आहे, १९३३ सालचे. एका गावाची सगळी हकिगत त्यात आहे. आपल्या विठोबाच्या यात्रेवर असे कोणी का लिहू नये? कार्तिकी एकादशीची यात्रा, आणि बाजार सुक्या मासळीचा! परक्या माणसाला हे समजावून सांगायचे म्हणजे एक शास्त्रच लागेल.

समाजशास्त्र मात्र मला थोडे बोचले. माणसे एकत्र राहतात ती कोणत्या नियमांनी, हे ते पाहते. आणि बरेचसे नियम कोठे लिहिलेले नसतात. गेल्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होते. वीस वर्षे मला रानभाजी आणून देणारी वाडीवरची बाई आली. ती पायरीवरच टेकली. मी वाण तिथे नेऊन दिले आणि आपण मोठे चांगले केले असे मला वाटले. रात्री धाकटीने विचारले, "तिला आत ये म्हणालीस का?" मी म्हटले, "तिला अडवले कोणी होते?" ती म्हणाली, "कोणी अडवले नाही तरी ती बाहेर बसली, हेच तर आम्हांला शिकवतात."

डॉक्टर आंबेडकरांनी १९१६ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि ती चौकट सांभाळण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह अशी बंधने बाईवर आली, असे त्यांनी मांडले. भाकरी तव्यावर करपली त्या दिवशी.

राज्यशास्त्र म्हणजे निवडणुकीचा गोंधळ असे मी समजत होते. ठरवणारा कोण आणि ज्याच्यासाठी ठरते तो कोठे, हा त्यातला खरा प्रश्न. १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना निदान एक तृतीयांश जागा मिळाल्या; आपल्या राज्याने २०११ साली निम्म्या केल्या. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असाही कायदा आहे. त्या सभेला मी जाते, सही करते आणि दूध नासेल म्हणून घरी पळते. तुमच्यातल्याही काहीजणी पळतात, मी पाहिले आहे.

आणि आपले मंडळ? आपल्या सभासदांच्या यादीत वाडीवरचे एकही नाव नाही. नियमात तशी बंदी नाही. कोणी विचारलेच नाही, एवढेच. म्हणून पुढच्या बैठकीसाठी मी चिटणीसबाईंकडे अर्ज दिला आहे: वाडीवरच्या बायकांना बोलवावे, आणि वर्गणी एकदम न घेता महिन्याच्या महिन्याला घ्यावी. काहीजणींना हे पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे, ओट्यावर नको.

त्या बाईला मी वीस वर्षे नुसते 'कातकरीण' म्हणत आले. परवा नाव विचारले तेव्हा ती आधी हसली, मग सांगितले. ते मी इथे सांगत नाही. बैठकीला येऊन तीच सांगेल.